दुपारी चारची भरती

१

वहीतलं पान फाटलं नव्हतं, कापलं होतं. काचेच्या पेटीचं झाकण उघडून बाइंडरबाईंनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. तीस वर्षं पुस्तकं शिवलेल्या हाताला एवढा फरक डोळे मिटूनही कळतो.

सकाळचे आठ वाजले होते. तलावाच्या जुन्या यंत्रघरात प्रदर्शनाची मांडामांड संपत आली होती. दुसऱ्या दिवशी दहाला दार उघडायचं होतं. गावाच्या पोहण्याच्या तलावाला ऐंशी वर्षं झाली होती. भिंतींवर फोटो लागले होते. किनाऱ्याचा काळा खडक सुरुंगाने फोडणारे मजूर. फक्त पुरुषांनाच प्रवेश होता तेव्हाची मिशाळ रांग. बायकांनाही एक सकाळ द्या म्हणून अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरलेल्या आणि तास झाला तरी बाहेर न आलेल्या सहा जणी. वादळाने खाल्लेला कठडा, आणि तो पुन्हा बांधताना काढलेला, सगळे हसताहेत असा एक फोटो.

आणि मधोमध ही वही. तलाव समुद्राच्या पाण्याचा. कठड्याच्या तळाशी एक लोखंडी झडप, तिच्यापुढे तलावाच्या बाजूने गजांची जाळी, झडप वर-खाली करायचं चाक या खोलीच्या खालच्या तळघरात. ओहोटीला झडप उघडली की तलावातलं पाणी समुद्रात जायचं, भरतीला उघडली की समुद्र तलावात यायचा. ओहोटी-भरतीच्या वेळा रोज सकाळीच वहीत लिहून ठेवायच्या, आणि ज्याने चाक फिरवलं त्याने पुढे सही करायची. दमटपणाने सडलेल्या या वह्या बाइंडरबाईंनी तीन महिने खपून जुळवल्या होत्या. त्यातली चाळीस वर्षांपूर्वीची एक पेटीत ठेवायची आणि एका ठरावीक तारखेला उघडायची, असं व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. गावभर वाटलेल्या पत्रकावर तसं छापलंही होतं: ‘दुर्घटनेच्या दिवसाचं मूळ पान.’ बाईंनी काल संध्याकाळी तिथे लाल फीत घातली होती. पानावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. वाचत बसलं तर शिवणार कधी?

आता फीत होती. पान नव्हतं.

व्यवस्थापक आले, पेटीत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “गावभर पत्रकं वाटून झालीत, बाई!”

“मी आत्ताच पेटी उघडली.”

“दाराचं कुलूप शाबूत आहे. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक मास्तरांकडे, एक टोकनमावशीकडे. आणि काल शेवटी इथून निघालं कोण? तुम्ही.” त्यांनी टेबलावरच्या बाईंच्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं. “पातंही तुमच्याकडेच.”

“माझ्या पात्याने कापलं असतं तर तुम्हाला दिसलंसुद्धा नसतं.”

हे बोलायला नको होतं, हे त्यांना बोलल्यावर कळलं. हात दाखवून अवलक्षण.

“उद्या दहाच्या आत पान आणा,” व्यवस्थापक शांतपणे म्हणाले. “नाहीतर चौकशीत पहिलं नाव तुमचं.”

ते गेले. जमिनीखालून, घशात काही अडकल्यासारखा, पाण्याचा आवाज येत राहिला.

२

बाइंडरबाईंनी भिंग काढलं. चोराने पान मुळापासून नेलं नव्हतं. शिवणीलगत बोटभर पट्टी शिल्लक होती, आणि वेळेचा रकाना नेमका तिथेच होता. पट्टीवर फिकट शाईत दोन नोंदी होत्या. वर ‘१०.१० ओ’, खाली ‘४.२० भ’. सकाळी ओहोटी, दुपारी भरती. कडा दातेरी होती. कुणीतरी तीन-चार वेळा करवतल्यासारखं कापलं होतं, आणि कडेला काळपट डाग लागला होता. त्यांनी वास घेतला. डांबर.

मग त्यांनी खाली पाहिलं. पेटीपासून कोपऱ्यातल्या सतरंजीपर्यंत फरशीवर पांढुरके ठसे होते, वाळलेल्या मिठाचे. खारं पाणी सुकलं की उरतात तसे.

मास्तर तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते. वय अडुसष्ट, गळ्यात शिट्टी. निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं, उरलेल्या निम्म्याला ओरडून बाहेर काढलं होतं.

“माझ्यावर संशय आहे का?” त्यांनी विचारलं. “असला तर बरंच. या वयात कोणी संशयसुद्धा घेत नाही.”

“त्या दिवशी काय झालं, ते सांगा.”

मास्तरांचं हसू गेलं. “सोमवार होता. तलाव बंद. मी तेव्हा शाळेत होतो शिकवायला, चारच्या सुमाराला इकडे आलो. आलो तर झडपवाला तळघरातून धावत वर. ‘मी झडप उघडली, आत पोरगी होती, मी बघितलंच नाही!’ मी तसाच उडी मारली. अकरा वर्षांची मुलगी, जाळीशी. हात गजांतून पलीकडे जाऊन अडकलेला. पाण्याने ओढून नेली होती. तिला काढताना कठड्यावरून लाटा माझ्या पाठीवर आदळत होत्या, धड उभं राहता येईना.”

“झडपवाल्याचं पुढे?”

“सगळं कबूल केलं त्याने. दोन वर्षं आत जाऊन आला. आता जाळी दुरुस्त करतो, मासेमारांची. चाळीस वर्षांत या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही त्याने.”

“मुलगी कुणाची?”

मास्तरांनी कपडेखोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुम्ही गावात नंतर आलात, म्हणून माहीत नाही. टोकनमावशीची. एकुलती एक.”

३

टोकनमावशी सत्तरीच्या होत्या. कपडेखोलीच्या खिडकीत बसून पोहायला येणाऱ्याला पितळी बिल्ला द्यायचा, जाताना परत घ्यायचा, हे काम त्या पंचेचाळीस वर्षं करत होत्या. ज्या पाण्यात मुलगी गेली त्याच्या काठावर ही बाई रोज कशी बसते, हे बाइंडरबाईंना कळेना.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मावशींनीच विचारलं, “मिळालं का पान?”

“नाही. तुम्हाला त्रास होत असेल, मला कळतंय. ते पान तिथे ठेवायचं व्यवस्थापकांच्या डोक्यात आलंच कसं, देव जाणे.”

“मी घातलं त्यांच्या डोक्यात.”

बाइंडरबाई खिडकीजवळ सरकल्या.

“मीच म्हटलं, त्या दिवसाचं पान उघडं ठेवा. त्यांना गंमत वाटली. गर्दी होईल म्हणाले.”

“पण कशासाठी?”

“लोकांनी वाचावं म्हणून.” मावशींनी बिल्ल्यांची तार उचलली आणि एकेक बिल्ला फडक्याने पुसायला लागल्या.

“सोमवारी तलाव बंद असायचा. तेव्हा इथे कोण असायचं?”

“दोघंच. मी कपडेखोली धुवायचे. आणि ते झडपेचं बघायचे.”

“आणि त्या सोमवारी?”

“सकाळी ते नव्हते. चाक अडकवून ठेवायची खिट्टी तुटली होती, ती घडवून आणायला लोहाराकडे गेले होते, पलीकडच्या गावात. साडेतीनला आले.”

“मग सकाळी दहाची झडप कुणी—”

मावशींनी खिडकीचं फळकूट खाली ओढलं. लाकूड आपटल्याचा आवाज सगळ्या कपडेखोलीत घुमला. आतून शब्द आले ते थंड, सरळ:

“पान शोधा, बाई. मला विचारू नका.”

४

भर बाराला समुद्र वर आला. कठड्याच्या पलीकडे पाणी फुगलं होतं, मधूनच एखादी लाट कठड्यावरून अलीकडे सांडत होती. तलावातल्या दोघा-चौघांना मास्तरांनी शिट्टी मारून बाहेर काढलं.

“हे कशासाठी चाललंय ते तरी सांगा,” ते म्हणाले.

“मला पोहता येत नाही, मास्तर. मला डोळ्यांनी बघायचंय. झडप उघडा. फक्त अर्धी.”

यंत्रघरात मास्तरांनी कोपऱ्यातली सतरंजी बाजूला केली. खाली लोखंडी झाकण. झाकणाच्या कडेने मिठाची ताजी, पांढरी रेघ उमटली होती. मास्तरांनी भुवया वर केल्या आणि ते शिडीने खाली उतरले. बाइंडरबाई वरूनच वाकल्या. खाली खिडकी नाही, उजेड नाही. फक्त चाक, आणि त्याच्यापलीकडे खडकाकडे जाणारा, आता पाण्याने भरलेला बोगदा. या जागेतून तलावात कोण आहे ते कुणालाही दिसलं नसतं.

चाक कुरकुरलं. बाइंडरबाई धावत काठावर गेल्या आणि हातातला टॉवेल जाळीवर, नेमका झडपेसमोर, फेकला.

टॉवेल बुडाला. क्षणभर काहीच झालं नाही. मग जाळीतून पांढरा फेस उसळला, समुद्र घुसला तो एखाद्या जनावरासारखा, आणि टॉवेल गरगरत उलटा, तलावाच्या मध्यापर्यंत फेकला गेला.

मास्तर धापा टाकत शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा टॉवेल अजून दूरच चालला होता.

“भरती आहे,” बाइंडरबाई म्हणाल्या. “समुद्र तलावापेक्षा वर. आता झडप उघडली तर पाणी आत येणार. जाळीशी असलेला माणूस जाळीपासून दूर ढकलला जाईल. तुम्ही तिला काढलंत तेव्हा कठड्यावरून लाटा येत होत्या, तुम्हीच म्हणालात. वहीत उरलेल्या पट्टीवर लिहिलंय, चार वीसला भरती. मग चारच्या पाण्याने तिला जाळीकडे ओढलं कसं?”

मास्तरांनी पुन्हा टॉवेलकडे पाहिलं.

“ओढलं सकाळच्या पाण्याने,” त्या म्हणाल्या. “दहा दहाच्या ओहोटीला. तेव्हा झडपवाला गावातच नव्हता.”

“चाळीस वर्षं...” मास्तर पुटपुटले. “मी, समुद्रात वाढलेला माणूस, आणि मला कसं...”

“ज्याने कबुली दिलीय त्याची कोण उलटतपासणी करतं? ते राहू दे. ओहोटीला त्या बोगद्यातून माणूस वर येऊ शकतो?”

“खडकांवरून चालत येईल. पण ती वाट...” मास्तर थांबले. “आज पहाटे सहाला ओहोटी होती.”

“किल्ली असलेला माणूस खाऱ्या पाण्यातून कशाला येईल? ज्याच्याकडे किल्ली नाही, वाट मात्र ठाऊक आहे, आणि ज्याच्या सुरीला डांबर लागलेलं असतं, असा माणूस मला हवा.”

मास्तरांनी जेट्टीकडे बोट दाखवलं.

५

जेट्टीच्या मागे पत्र्याची शेड होती. चहूकडे जाळी टांगलेली, त्यामुळे आत शिरताना आपणच सापडल्यासारखं वाटे. झडपवाला स्टुलावर बसून डांबर लावलेल्या दोरीने भोकं विणत होता. पंच्याहत्तरीचा, वाळल्या लाकडासारखा टणक. सुरी मांडीवर होती.

“या,” तो मान वर न करता म्हणाला. “कोणीतरी येणार हे माहीत होतं. तुमच्यावर आलं का?”

“माझ्यावरच आलं.”

“ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.” त्याने सुरी खाली ठेवली. “मी व्यवस्थापकाला सांगतो, मीच चोरलं म्हणून. पान जाळलं म्हणून सांगतो. झालं?”

“अजून एक गुन्हा कबूल करणार?”

बाहेर पाणी ओसरायला लागलं होतं, बोटी चिखलावर कलंडत होत्या.

बाइंडरबाई समोरच्या फळीवर बसल्या. “तुम्ही सकाळी लोहाराकडे गेलात. जाताना मावशींना सांगितलंत, दहाला चाक फिरव. त्यांनी फिरवलं. वहीत सही केली. मुलगी पाण्यात आहे हे त्यांना तळघरातून दिसणं शक्यच नव्हतं. साडेतीनला तुम्ही आलात, आणि तुम्हाला ती दिसली.”

“पायरीवर दप्तर होतं,” तो जड आवाजात म्हणाला. “आधी दप्तर दिसलं. मग पलीकडे जाळीशी, हिरव्या पाण्यात... वही उघडली. दहा दहा, आणि पुढे तिची सही. नुकतीच सही करायला शिकली होती ती. अक्षर अजून चढ-उतार करायचं. आणि ती तिकडे कपडेखोलीत फरशी घासत होती. पोर शाळेत आहे असं समजून.”

“म्हणून तुम्ही खाली गेलात, झडप उघडलीत, आणि ओरडत वर आलात.”

“पानाचं काही करायला वेळच मिळाला नाही. त्याच संध्याकाळी धरून नेलं मला. पण वही कोणी पाहिली नाही. चाळीस वर्षं कपाटात पडून होती. वाळवीने खाल्ली असती तर बरं झालं असतं, तर तुम्ही ती जुळवत बसलात!” तो पहिल्यांदाच चिडला. मग तितक्याच लवकर विरघळला. त्याने हात जोडले. “बाई, मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला कळू देऊ नका. आपल्या हाताने आपलं पोर... हे कळलं तर ती जगायची नाही.”

“मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

दोघांनीही मान वळवली. लोंबत्या जाळ्यांच्या मागे, दारात, टोकनमावशी उभ्या होत्या.

६

त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या कोण जाणे. आत आल्या. चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहून ज्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तिला घरी आणलं तेव्हा मी तिचे कपडे बदलायला घेतले,” त्या म्हणाल्या. “हात वाकत नव्हता. मूठ उघडत नव्हती. अंग लाकूड झालं होतं. तासाभरापूर्वी गेलेलं माणूस असं होत नाही. माझी आई गेली तेव्हा मीच सगळं केलं होतं, मला माहीत होतं. पोर सकाळीच गेली होती. आणि सकाळी चाक मी फिरवलं होतं.”

झडपवाल्याने जोडलेले हात खाली घेतले.

“मी दारापर्यंत गेले होते. ‘त्याला सोडा’ म्हणून ओरडणार होते. आणि बायका म्हणायला लागल्या, त्या मेल्याने तुझ्या पोरीचा जीव घेतला. सगळ्या माझ्याकडे अशा बघत होत्या... माझी जीभच उचलेना. मग दुसरा दिवस आला. मग तिसरा. मग तुम्हाला शिक्षा झाली. मी मूग गिळून बसले. मी तुम्हाला आत जाऊ दिलं.”

“तुला माहीत होतं,” तो हळू म्हणाला. “मग मी कशासाठी...”

बाइंडरबाईंना वाटलं, हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत कोसळणार. दोन वर्षं कोठडी, चाळीस वर्षं तोंड लपवणं, आणि ज्या एका गोष्टीच्या आधारावर ते सगळं उभं होतं ती गोष्ट कधी नव्हतीच.

“तोंडाने सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, पान सांगेल. तर तुम्ही तेही नेलंत. आता तोंडानेच सांगते. उद्या दहाला, त्या पेटीपाशी उभी राहून. पान द्या ह्यांना, त्या शिवून देतील.”

झडपवाला उठला. पत्र्याच्या खाचेत घडी करून ठेवलेलं पान त्याने काढलं, बाइंडरबाईंच्या हातात दिलं. मग परत स्टुलावर बसला.

“उद्या सांगशील तर पुरतं सांग,” तो म्हणाला. “अर्धं नको. मी कबुली दिली ती पुरती खोटी नव्हती. खोटी फक्त वेळ होती.”

“म्हणजे?”

“बंद दिवशी फाटकाला कुलूप असायचं. तुझ्या कधी डोक्यात आलं नाही, ती आत आली कशी?”

मावशींचा चेहरा दगड झाला.

“मी सोडलं तिला आत. निघता निघता. फाटकाशी उभी होती दप्तर घेऊन, दहाच मिनिटं म्हणाली, मग शाळेत जाते. गोड बोलायची. मी सोडलं, आणि तसाच कपडेखोलीत येऊन तुला म्हणालो, दहाला चाक फिरव. लोहाराच्या गावाची गाडी चुकेल या घाईत होतो. पोर तलावात आहे हे सांगायचं राहूनच गेलं. तेवढं एक वाक्य.” तो थांबला. “मी काही देवमाणूस नाही. मी तुला वाचवलं असं तू समजत असशील तर... ते ओझं माझंच होतं. तू त्यातलं उगीच उचललंस.”

बाइंडरबाईंनी पानाची घडी दोन हातांत धरली होती. उद्या पेटीखालची पाटी बदलावी लागणार होती, व्यवस्थापक आकांडतांडव करणार होते, गाव या दोघांवर तुटून पडेल की त्यांना पोटाशी घेईल ते सांगता येत नव्हतं. त्यांना वाटलं, मावशी आता त्याच्या थोबाडीत मारतील. किंवा काही न बोलता निघून जातील.

मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारलं, तेही असं, की जणू चाळीस वर्षांत याच एका प्रश्नाला जागा उरली होती.

“आत जाताना काय म्हणाली ती?”

झडपवाल्याने डोळे मिटले. “म्हणाली, आईला सांगू नका. आज पाण्याखालून जाणार आहे. एका दमात, पायऱ्यांपासून पार पलीकडच्या टोकापर्यंत. मोठ्या मुलींनाही जमलेलं नाही म्हणाली.”

“गेली का?”

पंधरा वर्षं ज्याने ती झडप सांभाळली होती, तो माणूस मनाशी अंतर मोजत होता.

“पायऱ्या अलीकडच्या टोकाला,” तो म्हणाला. “जाळी पलीकडच्या भिंतीत. झडप उघडली तरी ओढ लागते ती जाळीच्या चार हातांच्या आत. त्याच्या अलीकडे पाण्याला काही जोर नसतो. चार हात म्हणजे हात लांबवला की भिंत.”

मावशींनी मान वर केली.

“म्हणजे पोचली होती.”

“पोचली होती,” तो म्हणाला.